सेवेस बोल लागू नये : करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एका वाक्याची चिकित्सा

१

धर्मोपदेशकाचे आचरण त्याच्या उपदेशाला साजेसे असावे, ही अपेक्षा बहुतेक सर्व धर्मसंप्रदायांत आढळते. ख्रिस्ती परंपरेत या अपेक्षेला जे विशिष्ट रूप प्राप्त झाले, त्याच्या मुळाशी पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील तिसरे वचन आहे. सेवकाच्या वागण्याने कोणाच्याही श्रद्धेच्या वाटेत अडथळा उत्पन्न होऊ नये, आणि त्यायोगे सेवेला बोल लागू नये, हा त्या वचनाचा आशय. पाळकाच्या दीक्षाविधीत, धर्मशिक्षणाच्या पाठ्यक्रमात आणि प्रवचनांत ते वारंवार उद्धृत होते. तथापि ज्या वचनाचा उपयोग फार होतो, त्याचा अर्थ पुष्कळदा गृहीत धरला जातो. आणि या वचनाच्या बाबतीत तसेच घडले आहे.

सामान्यतः त्याचे दोन अर्थ केले जातात. एका अर्थाप्रमाणे सेवक सर्वथा दोषरहित असला पाहिजे; म्हणजे हे वचन नैतिक पूर्णत्वाची अट ठरते. दुसऱ्या अर्थाप्रमाणे सेवकाची आणि संस्थेची लोकांतील प्रतिष्ठा अबाधित राहिली पाहिजे. म्हणजे हे वचन लौकिकाच्या रक्षणाचा आदेश ठरते. पहिला अर्थ घेतल्यास मनुष्यमात्राला ही सेवा अशक्य होते. दुसरा घेतल्यास, दोष झाकून ठेवणे हाही त्या सेवेचाच भाग होऊन बसतो. मूळ ग्रीक वाक्याची रचना आणि त्यातील शब्दांचा इतिहास पाहिला असता या दोहोंपैकी कोणताही अर्थ टिकत नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रश्न वरकरणी व्याकरणाचा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे, हे लेखाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

२

प्रथम प्रसंग ध्यानात घेतला पाहिजे. रोमन सैन्याने इ. स. पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेले करिंथ शहर ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविले. दोन समुद्रांच्या मधील चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेल्या या व्यापारी शहरात जुने घराणेशाहीचे वजन कमी आणि नव्या पैशाचे वजन अधिक होते. फिरते वक्ते व तत्त्वज्ञ तेथे येत, व्याख्याने देत आणि त्यांचा मोबदला घेत. पौल या शहरात सुमारे दीड वर्ष राहिला. तेथील रोमन अधिकारी गॅलिओ याचा उल्लेख असलेला शिलालेख डेल्फी येथे सापडल्यामुळे हा काळ इ. स. ५० ते ५२ च्या आसपासचा ठरतो. प्रस्तुत पत्र त्यानंतर तीन-चार वर्षांनी, बहुधा मासेदोनियातून लिहिले गेले.

मधल्या काळात पौल आणि ही मंडळी यांच्यांत वितुष्ट आले होते. इतर उपदेशक करिंथला आले होते. त्यांच्याजवळ शिफारसपत्रे होती, पौलाजवळ नव्हती. पौलाने येण्याचा बेत जाहीर करून तो बदलला होता, म्हणून तो चंचल ठरला होता. त्याचे लेखन भारदस्त, पण प्रत्यक्ष उपस्थिती दुबळी, असा शेरा मारला जात होता. त्याच्या पैशाच्या व्यवहाराविषयीही कुजबुज होती. अशा स्थितीत 'सेवेला बोल लागू नये' हे शब्द लिहिणारा मनुष्य स्वतः बोलांनी घेरलेला होता. हे वाक्य निर्वेध प्रतिष्ठेच्या आसनावरून उच्चारलेले सुभाषित नव्हे. एका चालू वादातील ते निवेदन आहे. ही गोष्ट विसरली म्हणजे वचनाला नसती गुळगुळीतता येते.

३

आता वाक्यरचना. मराठीत, तसेच अनेक युरोपीय भाषांत, तिसरे वचन स्वतंत्र वाक्य म्हणून मांडले जाते. मूळ ग्रीकमध्ये ते स्वतंत्र नाही. पहिल्या वचनात 'आम्ही विनंती करतो' हे आख्यात आहे. देवाची कृपा व्यर्थ स्वीकारू नका, ही ती विनंती. दुसऱ्या वचनात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एक अवतरण कंसासारखे मध्ये येते. तिसऱ्या वचनातील 'देत' आणि चौथ्यातील 'शिफारस करीत' ही दोन धातुसाधिते त्या कंसाला ओलांडून पहिल्या आख्यातालाच जोडलेली आहेत. अर्थ असा होतो की, अडखळण न देता आणि स्वतःची विशिष्ट प्रकारे शिफारस करीत ही विनंती केली जात आहे.

हा भेद सूक्ष्म वाटला तरी क्षुल्लक नाही. वाक्य तोडले की उपदेश ही एक क्रिया आणि आचरण ही दुसरी क्रिया, असे चित्र उभे राहते. मग दुसरी पहिलीला पूरक, शोभादायक किंवा आवश्यक आहे की काय, अशी चर्चा सुरू होते. मूळ रचनेत आचरण हे उपदेशाच्या क्रियापदाचेच विशेषण आहे. विनंती कशी केली जाते, याचे ते उत्तर आहे. मराठीत 'तो हसत म्हणाला' या वाक्यात हसणे ही वेगळी घटना नसून म्हणण्याची रीत असते, तद्वतच येथे समजावयाचे.

वाक्यातील दुसरी गोष्ट त्याच्या कर्त्याविषयी आहे. बोल लागू नये तो कोणाला? पौल 'आम्हांला' असे म्हणत नाही; 'सेवेला' असे म्हणतो. 'दिआकोनिया' हा शब्द तेथे प्रथमा विभक्तीत आहे. स्वतःची अब्रू हा या हेतुदर्शक गौण वाक्याचा विषयच नाही. पुढच्याच वचनात तो स्वतःविषयी बोलतो, परंतु तेथेही एका विभक्तीने सारा भाव बदलतो. 'देवाचे सेवक' हा शब्दसमूह द्वितीयेत असता, तर आपण देवाचे सेवक आहोत अशी ते स्वतःची शिफारस करतात, असा अर्थ झाला असता. प्रत्यक्षात तो प्रथमेत आहे. म्हणून अर्थ होतो तो असा, की देवाच्या सेवकांनी ज्या रीतीने शिफारस करावी त्या रीतीने ते ती करतात. एका रचनेत सेवकपण हा दावा आहे. दुसरीत ते दाव्याच्या पद्धतीवर घातलेले बंधन आहे. मराठीतील 'सेवक म्हणून' हा प्रयोग दोन्ही अर्थ वाहू शकतो, आणि त्यामुळे हा भेद भाषांतरात अपरिहार्यपणे पुसट होतो.

'शिफारस करीत' हे धातुसाधितही सहज आलेले नाही. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ज्या शिफारसपत्रांचा उल्लेख आहे, त्यांसाठी वापरलेले विशेषण याच धातूपासून बनले आहे. करिंथकरांना कागदाची शिफारस हवी होती. तिच्या जागी पौल जे देतो, ती पुढे येणारी यादी होय.

४

ही यादी, म्हणजे चौथ्या वचनापासून दहाव्या वचनापर्यंतचा भाग, साऱ्या पत्रातील अत्यंत बांधीव गद्य आहे. तिचे तीन टप्पे पडतात, आणि प्रत्येक टप्पा एका लहानशा अव्ययाने ओळखू येतो. पहिल्या टप्प्यात 'एन', म्हणजे 'मध्ये' हे अव्यय १८ वेळा येते. दुसऱ्यात 'दिआ', म्हणजे 'द्वारा, मधून' हे ३ वेळा. आणि तिसऱ्यात 'होस', म्हणजे 'जणू, सारखे' हे ७ वेळा. पहिल्या टप्प्याच्या आरंभी विपुल धीराचा उल्लेख आहे. नंतर नऊ संकटे येतात, ती तीन-तीनच्या गटांनी. पहिला गट सर्वसामान्य अडचणींचा. दुसरा इतरांनी लादलेल्या त्रासाचा, म्हणजे फटके, कारावास व दंगे यांचा. तिसरा स्वतः पत्करलेल्या कष्टांचा, म्हणजे श्रम, जागरणे व उपवास यांचा. त्यानंतर शुद्धता, ज्ञान, सहनशीलता इत्यादी आठ गोष्टी येतात.

अशा संकटांच्या याद्या तत्कालीन ग्रीक-रोमन वाङ्मयात अपूर्व नव्हत्या. स्टोइक व सिनिक तत्त्वज्ञ आदर्श ज्ञानी पुरुषाचे वर्णन करताना त्यांचा उपयोग करीत. रुडोल्फ बुल्टमान यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात पौलाची शैली आणि ही व्याख्यानपद्धती यांची तुलना केली. जॉन फिट्झजेरल्ड यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांतील अशा याद्यांचा स्वतंत्र अभ्यास केला. साम्य निर्विवाद आहे. परंतु फरकही तितकाच बोलका आहे. स्टोइक ज्ञानी संकटांनी विचलित होत नाही, कारण ती त्याला खऱ्या अर्थाने स्पर्शच करीत नाहीत. पौलाच्या यादीतील मनुष्याला ती लागतात, दुखवितात, आणि त्याला दुःखी म्हणवितात.

तिसऱ्या टप्प्यातील सात जोड्यांत हा भाव परमावधीला पोहोचतो. प्रत्येक जोडीत लोकांच्या दृष्टीला जे दिसते ते आधी, आणि जे वस्तुतः आहे ते नंतर येते : फसवे तरी खरे, अपरिचित तरी सुपरिचित, दरिद्री तरी इतरांना संपन्न करणारे. तिसऱ्या ते दहाव्या वचनांपर्यंतच्या एवढ्या दीर्घ रचनेत धातुसाधितांची रांग चालू असताना, मुख्य विधान करणारे निश्चयार्थी आख्यात एकदाच येते, आणि ते मरणाऱ्यांच्या जोडीत येते : 'जगतो'. रांग मोडून आलेले हे एक क्रियापद वाचकाच्या कानाला धक्का देते. हा परिणाम सर्व जोड्या एकसारख्या साच्यात बसविणाऱ्या भाषांतरात हरवतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तिसऱ्या वचनात बोल लागू नये म्हटले आहे. आठव्या वचनात मान आणि अपमान, अपकीर्ती आणि सत्कीर्ती यांतून सेवक वाटचाल करतात असे म्हटले आहे. अपकीर्ती हीच जर शिफारशीच्या यादीतील एक बाब असेल, तर तिसऱ्या वचनातील निर्दोषत्व म्हणजे चांगला लौकिक नव्हे, हे उघड आहे. पौल एकाच वाक्यात बोल टाळावयास सांगतो आणि अपकीर्ती भूषणासारखी मिरवितो. हा विसंवाद आहे, असा आक्षेप घेणाऱ्यास उत्तर शब्दार्थातच शोधले पाहिजे.

५

'अडखळण' या मराठी ख्रिस्ती परिभाषेतील शब्दामागे ग्रीकमध्ये एकच शब्द नाही. येथे आलेला 'प्रोस्कोपे' हा शब्द साऱ्या नव्या करारात केवळ याच ठिकाणी आढळतो. 'कोप्तो', म्हणजे आपटणे, तोडणे, या धातूपासून तो बनला असून वाटेतल्या वस्तूवर पाय आपटणे, ठेच लागणे, हा त्याचा मूलार्थ. याच धातूपासून झालेला 'एंकोपे' हा शब्द पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात येतो; रस्ता तोडून पुढची चाल रोखणे ही त्यामागील प्रतिमा मानली जाते. तिसरा आणि सर्वांत दीर्घायुषी शब्द 'स्कांदालोन' हा होय. सापळ्यातील ज्या काडीला धक्का लागताच सापळा मिटतो, तिच्याशी या शब्दाचे नाते आहे. त्यावरून पाडणारी, अडकविणारी वस्तू असा अर्थ रूढ झाला.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल वधस्तंभावरील ख्रिस्त हाच यहुद्यांना 'स्कांदालोन' आहे असे म्हणतो, आणि तो अडथळा दूर करण्याची त्याची मुळीच तयारी नाही. म्हणजे त्याच्या विचारात अडथळे दोन आहेत. एक संदेशातील अडथळा, जो संदेशाचा प्राण आहे. दुसरा संदेशवाहकाचा अडथळा, जो त्याच्या लोभाने, अहंकाराने, बेपर्वाईने वाटेत येऊन पडतो. दुसरा दूर करावयाचा, तो यासाठी की पहिला ऐकणाऱ्यापुढे स्वच्छपणे उभा राहावा. ज्याने नकार द्यावयाचा, त्याने संदेशाला नकार द्यावा. निरोप्याच्या वागणुकीकडे बोट दाखवून त्याला संदेश टाळता येऊ नये, आणि ज्याला तो स्वीकारावयाचा आहे त्याला निरोप्यामुळे माघारी फिरावे लागू नये. आठव्या वचनातील अपकीर्ती संदेशामुळे येणारी. तिसऱ्या वचनातील बोल संदेशवाहकामुळे लागणारा. विसंवादाचा आक्षेप येथे निकालात निघतो.

मराठीने 'अडखळण' हा शब्द स्वीकारला, यात लाभ आणि हानी दोन्ही आहेत. मराठीत पायही अडखळतो आणि जीभही अडखळते. चालणे आणि बोलणे यांना जोडणारा हा शब्द सेवकाच्या प्रकरणी फार समर्पक आहे. परंतु 'अडखळणे' ही क्रिया अडखळणाऱ्याच्या अंगची वाटते. मूल अडखळते, वक्ता अडखळतो. त्यात दुसऱ्याचा हात असल्याचे सूचित होत नाही. त्या मानाने 'ठेच' या शब्दात वाटेतल्या दगडाची जाणीव अधिक आहे. ग्रीक वाक्यात 'देणे' हे क्रियापद असल्याने दोष कोणाचा याविषयी संदेह उरत नाही : ठेच दिली जाते, आणि देणारा सेवक असतो. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीशी ताडून पाहिल्यास पौलाच्या कल्पनेचे वेगळेपण स्पष्ट होते. म्हणीत पुढचा ठेचाळतो आणि मागच्याला शहाणपण येते. पौलाच्या चित्रात पुढे चालणारा स्वतः ठेचाळतोच असे नाही. तो मागच्याच्या वाटेत दगड टाकून निघून जातो. मागच्याला त्यातून शहाणपण येत नाही, त्याचे चालणेच थांबते.

६

'बोल लागणे' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, ते 'मोमोस' या नामापासून आले आहे. ग्रीक पुराणकथांत मोमोस ही दोषैकदृष्टी देवता होती. देवांच्या कृतींतही तिला काही ना काही खोट दिसे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द यज्ञपशूच्या अंगातील व्यंगासाठी योजला गेला, आणि 'आमोमोस' म्हणजे अव्यंग असा अर्थ स्थिर झाला. एकाच शब्दात बाहेरून लागणारा बोल आणि अंगात असलेले व्यंग हे दोन्ही अर्थ एकत्र आले. 'दोष' या आपल्या शब्दाचीही स्थिती अशीच आहे : दोष असतो, आणि दोष लावलाही जातो.

नव्या करारात या अर्थक्षेत्रात आणखी काही शब्द आहेत, आणि मराठीत त्या सर्वांसाठी बहुधा 'निर्दोष' वा 'निष्कलंक' हेच शब्द येतात. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात अध्यक्षासाठी वापरलेला 'आनेपिलेम्प्तोस' म्हणजे ज्याला पकडावयास जागा सापडत नाही असा. त्याच पत्रात सेवकांसाठी आणि तीताच्या पत्रात वडिलांसाठी आलेला 'आनेंक्लेतोस' म्हणजे ज्याच्यावर आरोप दाखल नाही असा. हा जवळजवळ न्यायालयीन शब्द आहे. 'आमेम्प्तोस' म्हणजे ज्याच्याविषयी तक्रार नाही असा. यज्ञाशी संबंधित 'आमोमोस' सोडला, तर हे सर्व शब्द मनुष्याच्या अंतरंगाविषयी नसून त्याच्या व्यवहाराविषयी आहेत. ते असे विचारतात की, या मनुष्याविरुद्ध खरी ठरेल अशी तक्रार आहे काय? मद्यासक्ती, मारकुटेपणा, पैशाचा लोभ यांचा अभाव, घरची नीट व्यवस्था, बाहेरच्या लोकांतही चांगली साक्ष, ही तीमथ्याच्या पत्रातील यादी पाहिली म्हणजे अपेक्षा किती साधी आणि तपासता येण्याजोगी आहे हे कळते. ही पत्रे पौलाच्या नंतरच्या पिढीतील आहेत, असे आधुनिक अभ्यासकांपैकी बहुसंख्यांचे मत आहे. ते मान्य केले तरी परंपरेने पौलाचे वचन व्यवहाराच्या पातळीवर समजून घेतले होते, हाच निष्कर्ष दृढ होतो. 'निर्दोष' या एकाच शब्दाने हे सारे झाकले जाते आणि नैतिक पूर्णत्वाचा अर्थ आत शिरतो. अर्थाची ही गल्लत काही अंशी भाषांतराची आहे.

७

पौल स्वतः हे तत्त्व कसे आचरीत होता, याची कसोटी पैशाच्या व्यवहारात लागते. पत्रांत त्याचे दोन स्पष्ट दाखले आहेत.

पहिला दाखला मोबदल्याचा. उपदेशकाला मंडळीकडून निर्वाह मिळण्याचा हक्क आहे, हे पहिल्या पत्रात त्याने आग्रहाने मांडले, आणि लगेच करिंथमध्ये तो हक्क बजावला नाही असे सांगितले. कारण, सुवार्तेच्या वाटेत 'एंकोपे' नको. तो तंबूच्या व्यवसायात हाताने काम करून पोट भरीत असे. परंतु याच गोष्टीचा करिंथकरांना राग आला. श्रीमंत आश्रयदात्याची देणगी नाकारणे म्हणजे त्याचे स्नेहसंबंध नाकारणे, असे त्या समाजात मानले जाई. शिवाय मासेदोनियातील मंडळ्यांकडून मात्र पौलाने साहाय्य घेतले होते. दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो उपरोधाने या 'अन्याया'ची क्षमा मागतो. अडथळा टाळण्यासाठी केलेली कृतीच बोलाला कारण झाली. म्हणजे कोणीही कधीही बोल लावणार नाही, असे आचरण शक्य नाही, हे या पत्राच्या लेखकाला अनुभवाने ठाऊक होते. सर्वांना संतुष्ट ठेवण्याचा उपदेश म्हणून तिसरे वचन वाचणे यामुळेच अयोग्य ठरते.

दुसरा दाखला यरुशलेमेतील गरिबांसाठी जमविलेल्या वर्गणीचा. बोल लागण्याचे जे क्रियापद सहाव्या अध्यायात आहे, ते नव्या करारात आणखी एकदाच, याच पत्राच्या आठव्या अध्यायात, या वर्गणीच्या संदर्भात येते. तेथे पौल माझ्यावर विश्वास ठेवा असे म्हणत नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक मनुष्य पैशाबरोबर प्रवास करील अशी तजवीज तो करतो, आणि देवासमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार चोख असावा असे त्याचे कारण देतो. निर्दोषत्वाचा अर्थ येथे अत्यंत मूर्त होतो : व्यवहार दुसऱ्याच्या नजरेखाली ठेवणे. बोल टाळण्याचा उपाय म्हणून तो दार उघडतो. ते लावून घेत नाही.

या सर्वांत पौलाचे आत्मसमर्थन नाही असे म्हणता येणार नाही. तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या व अकराव्या अध्यायांत आत्मप्रशंसेविषयीची त्याची अस्वस्थता सारखी डोके वर काढते. विरोधकांची बाजू आपल्यापर्यंत केवळ त्याच्याच शब्दांतून पोहोचते. सहाव्या अध्यायातील यादीत त्याने केलेल्या चुकांना स्थान नाही. चिकित्सक वाचकाने ही मर्यादा नोंदविली पाहिजे. परंतु जो लेखक आपल्या शिफारशीत फटके, कारावास आणि अपकीर्ती घालतो, तो लौकिक सांभाळीत आहे असा आरोप मात्र त्याच्यावर ठरत नाही.

८

नंतरच्या इतिहासात या वचनाचे दोन्ही भाग एकमेकांपासून दुरावले. इ. स. ३०३ मध्ये सुरू झालेल्या डायोक्लेशनच्या छळात उत्तर आफ्रिकेतील काही धर्माधिकाऱ्यांनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. अशांच्या हातून झालेले विधी ग्राह्य की अग्राह्य, यावरून डोनेटिस्ट पंथाचा वाद उद्भवला आणि शतकाहून अधिक काळ चालला. ऑगस्टीनच्या पक्षाचे उत्तर असे की, विधीची ग्राह्यता सेवकाच्या योग्यतेवर अवलंबून नाही. दगडी पाटातून वाहणारे पाणी शेताला पोहोचतेच. सामान्य श्रद्धाळूला या सिद्धांताने मोठा आधार दिला, कारण आपल्या पाळकाचे अंतरंग तपासत बसण्याच्या संकटातून त्याची सुटका झाली. परंतु हा सिद्धांत विधीविषयी आहे. पाटातून पाणी वाहते म्हणून पाटाने वाटसरूला ठेच दिली तरी चालेल, असे त्यातून निघत नाही.

दुसरा बदल शब्दार्थाचा, आणि तो अधिक घातक ठरला. 'स्कांदालोन' लॅटिनमध्ये 'स्कांदालुम' झाला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने त्याची व्याख्या करताना दुसऱ्याच्या आध्यात्मिक पतनाला निमित्त होणारे अयोग्य बोलणे वा वागणे, हा मूळ अर्थ कायम ठेवला होता. व्यवहारात मात्र शब्द कृतीकडून चर्चेकडे सरकत गेला. इंग्रजीतील 'स्कँडल' म्हणजे गाजावाजा झालेले लज्जास्पद प्रकरण, आणि जुन्या फ्रेंच रूपातून त्याच मुळापासून आलेला 'स्लँडर' म्हणजे बदनामी. सापळ्याच्या काडीपासून निघालेला शब्द लोकापवादापर्यंत येऊन पोहोचला. जोपर्यंत 'स्कांदालोन' म्हणजे दुसऱ्याला पाडणारी कृती, तोपर्यंत ते टाळावयाचे म्हणजे ती कृती टाळावयाची. ते म्हणजे बभ्रा, असे झाले की ते टाळावयाचे म्हणजे बभ्रा टाळावयाचा.

हा केवळ कोशातील फरक राहिला नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्यूरीने ऑगस्ट २०१८ मध्ये सहा धर्मप्रांतांतील बालकांच्या लैंगिक शोषणाविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ३०० हून अधिक धर्मगुरूंविरुद्धच्या आरोपांची आणि १,००० हून अधिक बळींची नोंद आहे. मुलांना साहाय्य करण्यापेक्षा 'स्कँडल' टाळणे हे मुख्य मानले गेले, आणि हा शब्द ज्यूरीचा नसून धर्मप्रांतांच्याच कागदपत्रांत पुनःपुन्हा आलेला आहे, असे तो अहवाल सांगतो. फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये, १९५० पासूनच्या काळात धर्मगुरू व संन्यस्त यांच्याकडून शोषण झालेल्या अल्पवयीनांची संख्या सुमारे २,१६,००० असावी असा अंदाज दिला. प्रश्न एकाच पंथाचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या चर्चमधील एका जुन्या प्रकरणाच्या हाताळणीवरील अहवालानंतर कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला.

या प्रकरणांत 'सेवेला बोल लागू नये' हा हेतू अक्षरशः पाळला गेला होता. केवळ त्यापूर्वीचे धातुसाधित गाळले गेले होते. पौलाच्या वाक्यात आधी कारण आहे, मग परिणाम : ठेच द्यावयाची नाही, म्हणजे बोल लागणार नाही. कारण तसेच ठेवून परिणाम रोखला, तर ते त्या वचनाचे अपुरे पालन होत नाही. त्याचा व्यत्यास होतो. ज्यांना ठेच लागली, त्यांच्या तोंडावर हात ठेवला जातो आणि दगड वाटेत तसाच राहतो.

९

मराठी वाङ्मयात या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रवचनांपेक्षा एका आत्मचरित्राकडे वळणे अधिक फलदायी आहे. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली, आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. पगाराने उपदेशकाच्या शब्दाला येणारी परकी छटा दूर करण्याची ही धडपड पौलाच्या करिंथमधील निर्णयाशी नाते सांगते.

परंतु 'स्मृतिचित्रे'चे महत्त्व आदर्शाच्या गौरवात नाही. टिळकांचा शीघ्रकोप, लहरीपणा, हातचे सर्व देऊन टाकण्याची वृत्ती, आणि तिचा घरावर पडणारा भार, हे सारे लक्ष्मीबाई हसतखेळत, पण काहीही न लपविता सांगतात. पौलाच्या यादीत संकटे सोसणारा एकटा सेवक दिसतो; येथे त्या संकटांचा वाटा उचलणारे घर दिसते. दुसऱ्याच्या श्रद्धेला अडथळा होऊ नये म्हणून सेवक जे सोडतो, त्याची किंमत पुष्कळदा त्याच्या जवळची माणसे मोजतात. प्राचीन पत्रात न आलेली ही बाजू या ग्रंथात आली आहे. आणि एवढे दोष उघड सांगूनही वाचकाच्या मनात टिळकांविषयी अप्रीती उत्पन्न होत नाही. पूर्णत्वाचा दावा केलेला नसल्यामुळे तो खोटा ठरण्याचा प्रश्नच येत नाही. सांगितलेला दोष वाचकाची वाट अडवीत नाही. लपविलेला दोष मात्र उघड होताच ती अडवितो.

१०

सारांश, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील हे वचन पूर्णत्वाची अट घालीत नाही आणि प्रतिष्ठेचे कवचही पुरवीत नाही. त्याची रचना सांगते की आचरण हे उपदेशाचेच अंग आहे. त्यातील विभक्ती सांगतात की रक्षणीय वस्तू सेवकाची अब्रू नसून सेवा आहे. त्यातील यादी सांगते की अपकीर्ती आणि निर्दोषत्व एकत्र नांदू शकतात. त्यातील शब्दांचा इतिहास सांगतो की ठेच आणि तिची चर्चा या भिन्न गोष्टी आहेत, आणि आठवा अध्याय सांगतो की बोल टाळण्याचा उपाय व्यवहार उघडा ठेवणे हाच आहे. मराठी भाषांतरकारांनी पुढेमागे या वचनाचा पुनर्विचार केल्यास 'देणे' हे क्रियापद आणि 'म्हणजे' हा कार्यकारणभाव ठसठशीत ठेवणे अगत्याचे आहे. तेवढे साधले, तर ठेच लागलेल्या माणसाला गप्प बसविण्यासाठी या वचनाचा आधार कोणासही सहजासहजी घेता येणार नाही.